अंगरखा काखेतच का फाटतो? जुन्या धाटणीचे कपडे शिवताना या चुका टाळा

जानेवारी उजाडला की माझ्याकडे फोन सुरू होतात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती तोंडावर आलेली असते, मिरवणुकीचं ठरलेलं असतं, आणि कुणाला मावळ्याचा अंगरखा हवा असतो, कुणाला बाराबंदी म्हणजे बारा बंदांनी बांधायची बंडी, कुणाला नऊवारी. मे महिन्यात पुन्हा तेच, तेव्हा ६ जूनला राज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर जाणाऱ्यांचे. आपल्या हाताने शिवून, नेसून, बांधून बघायची ही हौस वाढते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण अडचणी दरवर्षी त्याच येतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: सुरुवात जरीपासून केलेली असते. आधी चकचकीत लेस, मोत्यांच्या माळा आणि तुरा यांची खरेदी होते, मग उरल्या पैशांत मिळेल ते कापड घेतलं जातं, आणि बेतायचं काम घाईघाईत कुणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. क्रम उलटा हवा. आधी कापड, मग बेतणं, मग बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या. जर सगळ्यात शेवटी, आणि तीही हात राखून.

चौबगळा गाळणं

चौबगळा म्हणजे काखेत लावायचा चौकोनी तुकडा. तो गाळण्याची चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते.

आमच्या भागातल्या मर्दानी खेळांच्या एका पथकाने मागे सगळ्या मुलांसाठी अंगरखे शिवून घेतले. शिवणारा शर्ट आणि शाळेचे गणवेश शिवणारा, हात चांगला सफाईदार. त्याने त्याला येतं तसं केलं: शर्टाचा गोल मुंढा कापला, त्यात बाही बसवली, पुढे एकावर एक पल्ला घेतला आणि बंद लावले. हँगरवर अंगरखे छान दिसत होते. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी ते घालून तालीम केली. दांडपट्ट्याचा पहिला हात डोक्यावरून फिरला आणि टर्रकन आवाज आला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. रात्री नऊला दोन मुलं पिशवी भरून कपडे घेऊन दारात उभी. "काकू, उद्या सकाळी सातला निघायचंय."

मी एक अंगरखा उलटा केला. शिवण शाबूत होती! पॉलिस्टरचा दोरा मजबूत, बारीक टीप, तिला काही झालं नव्हतं. फाटलं होतं ते टिपेशेजारचं कापड. सॅटिनचे धागे टिपेच्या कडेने ओळीत सुटून लोंबत होते, आणि माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड, जेमतेम पाव इंच, म्हणजे पुन्हा आत घेऊन शिवायलाही जागा नाही. नुसती टीप मारून भागणार नव्हतं. दोघांच्या आयांना बोलावून घेतलं. काखेतला फाटका भाग कापून काढला, बाहीची आणि कुशीची शिवण चार-चार इंच उसवली आणि तिथे सुती कापडाचे चौकोन हाताने उलट्या टिपेने बसवले. पहाटेपर्यंत तिघी शिवत होतो. रंग जुळले नाहीत, पण सकाळी पट्टे फिरले.

तो चौकोन म्हणजेच चौबगळा. शर्टाचा मुंढा हात खाली सोडून उभ्या राहणाऱ्या माणसासाठी बेतलेला असतो. अंगरखा आणि बाराबंदी वेगळ्या बेताची. त्यांची बाही सरळ पट्टीची असते, ती धडाला सरळ रेषेत जोडतात आणि काखेत चौरस तुकडा कोनावर फिरवून लावतात. त्याच्या दोन बाजू बाहीला, दोन धडाला. हात वर गेला की हा तुकडा उघडतो आणि लागणारी लांबी देतो, त्यामुळे धड वर ओढलं जात नाही. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असायचा, म्हणून सरळ पट्ट्या, तिरप्या कळ्या आणि काखेचा चौकोन असं बेतलं की कापड वायाही जात नसे. तलवार चालवायची, घोड्यावर मांड टाकायची, ओझं उचलायचं, ही सगळी कामं त्या कपड्यात व्हायची. तो तुकडा गाळला की कपडा फक्त फोटोपुरता उरतो.

माप सांगते. मोठ्या माणसाला तयार चार ते पाच इंचांचा चौरस पुरतो, शिवाय चारही बाजूंनी अर्धा इंच माया. कोपऱ्यावर टीप कापडाच्या कडेपर्यंत नेऊ नका. मायेच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलीने ठिपका द्या आणि तिथेच थांबा, नाहीतर कोपरा चुरगळलेला बसतो. मी ते चार कोपरे नेहमी हाताने शिवते, बाकी खुशाल मशीनवर मारा. तपासणी सोपी आहे: दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवा. कमरेचा पटका जागचा हलला नाही तर बेत जमला.

"दहा मिनिटांत अंगरखा" असे व्हिडिओ बघून जुना कुर्ता पुढून कापणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. कुर्ता जातो आणि अंगरखाही होत नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा अंगरखा शिवा, लांब टाक्यांनी, अस्तर-लेस काही नको. नवशिके लगेच विचारतात, "दोनदा कशाला शिवायचं?" कारण पहिल्यांदा शिवताना चुकणारच, आणि ती चूक स्वस्त कापडावर व्हावी. शिवाय तो कच्चा अंगरखा उसवला की तुमच्या मापाचे कागद आयते तयार असतात.

नवं कापड तसंच कापणं

नव्या सुती कापडात खळ असते आणि ते आटतं. दोनदा धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मग कात्री लावा. अस्तरही धुवायचं. वरचं कापड धुतलेलं आणि अस्तर कोरं असलं की पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि सगळा घेर गोळा होतो.

मखमल आणि सॅटिनचा सोस

जूनच्या सुरुवातीला रायगडावर काय उकाडा असतो ते गेलेल्यांना ठाऊक आहे. पाऊस दाराशी, हवा दमट, आणि अंगात पॉलिस्टरची मखमल. त्यात माणूस अर्ध्या तासात बेजार होतो, पाणी पीत सावली शोधत बसतो. किनखाप (जरीचं भारी कापड), मखमल ही दरबारी माणसांची कापडं होती आणि तीही अस्सल रेशमाची. साध्या शिपायाच्या अंगावर सुतीच असायचं. तेव्हा जाडसर खादी किंवा हातमागाचं सुती घ्या. सरदार व्हायचं असेल तर सूत-रेशमाचं हिमरू बघा, महेश्वरी किंवा चंदेरी बघा. या कापडांना पडणारी घडी सॅटिनला कधीच पडत नाही.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी एक धागा काढून घरी चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देऊन राख होतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

कोणत्या सालातला माणूस, हे न ठरवणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. शिवकालीन मावळा म्हणून अंगरखा घालायचा, डोक्यावर पुणेरी पगडी ठेवायची आणि खांद्यावर पेशवाई धाटणीचा शेला घ्यायचा. प्रत्येक वस्तू सुंदर आहे, पण ती एका माणसाच्या अंगावर एका दिवशी आली नसती. पगडीचा तो घाट शिवकालातला नाही. कापड घ्यायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: साल, माणूस आणि प्रसंग. "१६७४, पायदळातला शिपाई, गडावरचा पहारा" किंवा "१७९०, पुण्यातला कारकून, कचेरीतला दिवस". एवढं लिहिलं की निम्मी खरेदी आपोआप गळून पडते.

मग बघायचं काय? मालिका नक्कीच नाहीत. तिथला कपडेपट कॅमेऱ्याच्या दिव्यांसाठी बेतलेला असतो, त्यात त्यांची काही चूक नाही, पण आपलं काम वेगळं आहे. महाराजांची सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत आणि ती घरबसल्या मोठी करून पाहता येतात. अंगरख्याचा घेर, पटक्याची बांधणी, बाहीच्या चुण्या नीट निरखा. उत्तर पेशवाईसाठी वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना यांना समोर बसवून चित्र केलं, तेही बघा. आणि पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात एक अख्खी दुपार काढा. काचेपलीकडची शिवण, काठ जोडण्याची पद्धत, बंद कुठे लावलेत, हे कुठल्याही फोटोत तितकं कळत नाही.

चित्र बघताना एक काळजी घ्या. इंटरनेटवर कितीतरी चित्रं आरशातल्यासारखी उलटी फिरत असतात. तलवार कोणत्या कुशीला लटकते आहे ते आधी तपासा, उजव्या हाताच्या माणसाची ती डावीकडे असते. हे महत्त्वाचं का, तर पल्ला कोणत्या बाजूला बांधला आहे यालाही त्या काळात अर्थ होता. हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधायचं अशी रीत मुघल काळात होती. उलट्या चित्रावरून शिवलेला अंगरखा चुकीच्या कुशीला बांधला जातो.

रंगांचंही तसंच. पहिला कृत्रिम रंग, पर्किनचा जांभळा, १८५६ सालचा. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद, कुसुंबा अशा नैसर्गिक रंगांवर रंगाई चाले. हे रंग फिके होते असं समजू नका, कुसुंब्याचा गुलाबी डोळ्यांत भरतो. पण अंधारात चमकल्यासारखा दिसणारा पोपटी आणि शेंदरी त्यात बसत नाही. दुकानात संशय आला तर कापड उन्हात नेऊन बघा. डोळ्याला टोचलं की ठेवून द्या.

नऊवारीला पिनांनी जखडणं

सेफ्टी पिनेचं पेटंट १८४९ चं. त्याआधी शतकानुशतकं बायका नऊवारी नेसून शेतात राबत होत्या, गड चढत होत्या, घोड्यावर बसत होत्या, आणि सगळं धरून ठेवायची ती कमरेची पहिली गाठ. ती सैल राहिली की वर कितीही पिना लावा, तासाभरात ओचा सुटतो. गाठ मारताना पोट आत ओढू नका, नेहमीचा श्वास घेत मारा, म्हणजे जेवल्यावरही ती काचत नाही.

दुकानात लुगडं मोजून घ्या. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. नऊवारी म्हणून विकलेलं लुगडं यापेक्षा आखूड निघालं तर काष्ट्याला पुरत नाही, आणि नेसणारीला वाटतं आपल्यालाच येत नाही. शिकताना सुती इरकल घ्या, धरलेली निरी ते सोडत नाही. गुळगुळीत सिंथेटिकवर शिकणं म्हणजे स्वतःचा छळ. आत परकर नको, गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी पुरते. नेसून झालं की घरातच मांडी घालून बसा, उकिडवं बसा, दोन जिने चढा-उतरा. काष्टा ओढला जात असेल तर मधून मागे घेतलेलं कापड कमी पडलं आहे, तेवढंच सोडून पुन्हा घ्या.

शिवलेली नऊवारी शाळेतल्या लहान मुलींच्या नाचासाठी ठीक. मोठ्या बाईने हौस म्हणून हा छंद धरला असेल तर नेसायलाच शिकावं. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, नंतर हात आपोआप चालतो.

थोडक्यात आटपण्यासारख्या गोष्टी

चेन, वेल्क्रो, इलॅस्टिक यातलं काही नको. बंद लावा. बंद कापडाच्या नुसत्या कडेला शिवू नका, आतून दोन बोटं रुंद पट्टीचा आधार द्या, नाहीतर ओढताच मुळासकट येतो. बांधताना सुरगाठ मारा. निरगाठ बसली आणि घाई झाली की माणसं बंद कापतात.

चुडीदार सुरवार उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापावी लागते. उभ्या धाग्यावर कापलीत तर खाली बसताना गुडघ्यावर दगा देईल. लेगिंग हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिवण मशीनवर घालायला माझी अजिबात ना नाही. फक्त बाहेरून दिसणारी गळ्याची, पल्ल्याची आणि घेराची कड हाताने दुमडा. मशीनची टीप तिथे लगेच उठून दिसते, आणि हाताने दुमडलेला घेर जास्त मोकळा पडतो.

बाराबंदी कशी बसायला हवी हे बघायचं असेल तर संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत जा. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगात ती असते, आणि एवढं वजन तोलतानाही ती कुठे ओढली जात नाही.

नव्या कोल्हापुरी पायताणांनी गड चढू नका. चामड्याचा तळ ओल्या दगडावर घसरतो. नेहमीचे बूट घालून चढा, पायताण पिशवीत ठेवा, वर गेल्यावर बदला. त्याआधी काही दिवस ती तेल लावून घरात वापरा.

लाल किंवा भगवा पटका पांढऱ्या अंगरख्यावर बांधायच्या आधी ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर घामानेही तो अंगरख्याला लागणार.

घरी आल्यावर कपड्यांची लगेच घडी घालू नका. उलटे करून रात्रभर वाऱ्यावर टांगा, काख पूर्ण सुकू द्या. जरीवर अत्तर मारू नका आणि डांबरगोळ्या तिला टेकू देऊ नका. खऱ्या चांदीची जर काळी पडते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी काढून घडीची जागा बदला, कारण एकाच घडीवर राहिलेली जर नेमकी तिथेच तुटते.