पहिला हात कुठे जातो? आपली विचार करायची सवय ओळखण्याची रीत

मशीन बंद पडलं की सुपरवायझर सगळ्यात आधी काय करतो, हे मी बरीच वर्षं बघत आले आहे. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण विभागात आहे. शिफ्ट सुपरवायझर तयार करणं हे माझं काम. लाइन थांबली की एकजण काउंटर आणि रिजेक्शनचे आकडे बघायला धावतो. दुसरा भिंतीवरची चेकलिस्ट वरून खाली वाचायला लागतो. तिसरा ऑपरेटरजवळ जाऊन विचारतो, "काय रे, सकाळपासून आवाज येत होता का?" चौथ्याच्या हातात तोवर पाना आलेला असतो आणि तो काहीतरी करून बघायला लागलेला असतो (सेफ्टीवाले याला ओळखून असतात). मशीन चौघंही चालू करतात. पण तुझा पहिला हात कुठे जातो, असं विचारलं तर चौघांपैकी एकालाही धड सांगता येत नाही.

कारण आपलं डोकं चालतं तसंच सगळ्यांचं चालत असणार, असं आपण धरूनच चाललेलो असतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये एका प्रश्नावलीचे निष्कर्ष छापले. प्रश्न साधा होता: आज सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणा. चित्र स्पष्ट दिसतं का? रंग दिसतात का? काहींना सगळं लख्ख दिसत होतं. काही नामवंत शास्त्रज्ञांना मात्र काहीच दिसत नव्हतं, आणि ते निवांत होते, कारण 'डोळ्यांसमोर येणं' ही नुसती बोलायची पद्धत आहे अशी त्यांची समजूत होती. एवढी शिकलेली माणसं, पण शेजारच्याचं डोकं वेगळं चालत असेल ही शंकाच त्यांना आली नव्हती. म्हणून स्वतःला तपासायचं तर काहीतरी लेखी हवं. नुसतं डोळे मिटून "मी कशी आहे?" असं विचारून चालत नाही.

सुरुवात वहीपासून करा. चाचणी, ॲप, प्रश्नावली सगळं बाजूला ठेवा. दोन आठवडे रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज कुणी न सांगता मी कोणतं काम आधी उचललं, कोणतं उद्यावर ढकललं, आणि कोणत्या कामानंतर डोकं जड झालं. यात कृती लिहायची, विशेषण नाही. "मी व्यवस्थित आहे" हे वाक्य काही कामाचं नाही. "किराणा आणल्यावर बिल ताडून बघितलं, फरक सापडेपर्यंत चहा घेतला नाही" हे कामाचं. आमच्याकडचे सुपरवायझर पहिले काही दिवस "काम केले, मीटिंग केली" एवढंच लिहून आणतात. मग मी त्यांना मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय बोललात ते आठवायला लावते. तिथून गाडी रुळावर येते.

वहीत थोडा माल जमला की तो चार कप्प्यांत घालायचा. ही चार कप्प्यांची मांडणी नेड हर्मन यांची. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ते व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचं काम बघायचे, म्हणजे माझ्याच धंद्यातले, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी यावर काम सुरू केलं. त्यांची मूळ चाचणी शंभराहून जास्त प्रश्नांची आहे, ती पैसे भरून, प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावी लागते. घरच्या घरी आपल्याला तेवढ्याची गरज नाही. मी कप्प्यांना आकडा, रीत, माणूस आणि शक्कल म्हणते. किती, का, कशावरून हे आधी विचारणारा आकड्याचा. आधी काय, मग काय, कधीपर्यंत हे विचारणारा रीतीचा. कुणाला कसं वाटेल, कुणाला विचारलं का, हा माणसाचा. आणि वेगळं काही करून बघितलं तर, हा शकलेचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. हर्मन यांनी सुरुवातीला हे कप्पे मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांशी जोडले होते. त्या काळी रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञांचं दुभंगलेल्या मेंदूवरचं (म्हणजे दोन भागांमधला दुवा कापलेल्या मेंदूवरचं) संशोधन गाजत होतं, त्याला १९८१ मध्ये नोबेलही मिळालं. पुढे २०१३ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. सबंध डावीकडचं किंवा सबंध उजवीकडचं जाळं जोरकस आहे अशी माणसं त्यांना सापडली नाहीत. तेव्हा "मी उजव्या मेंदूची, मला हिशोब जमत नाही" हे कृपया बंद करा. चार कप्पे सवयी लावून ठेवण्यापुरते आहेत. कवटीच्या आत त्यांना पत्ता नाही.

आता गुण. वहीतले दहा प्रसंग निवडा, निम्मे घरचे, निम्मे कामावरचे. प्रत्येक प्रसंगाला दहाच गुण, ते चार कप्प्यांत वाटायचे. "पाचपैकी किती" असले फॉर्म मी वापरत नाही, कारण तिथे माणूस स्वतःला सगळीकडे चार-चार देऊन मोकळा होतो. दहाच गुण असले की एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे काढावे लागतात, आणि तिथे खरं बाहेर येतं.

माझ्या वहीतला एक प्रसंग घ्या: गणपतीला कोकणात सासरी जाण्याचं ठरवणं. मी पहिल्यांदा कॅलेंडरवर रेल्वेचं आरक्षण कोणत्या दिवशी उघडतं ते मांडलं. हल्ली ते ६० दिवस आधी उघडतं. मग कुणाचं तिकीट कुणाबरोबर, आरत्यांची पुस्तकं कुणाच्या बॅगेत, अशी यादी. मग मोठ्या जाऊबाईंना फोन, कारण त्यांना न विचारता दिवस ठरवले तर पाचही दिवस त्याची आठवण निघते. गाडी करून गेलो तर किती पडेल हे मी सगळ्यात शेवटी बघितलं. मुंबईवरून न जाता घाटावरून उतरलो तर काय, हे मला सुचलंच नाही, ते मुलीला सुचलं. म्हणजे रीत ५, माणूस ३, आकडा २, शक्कल शून्य. प्रसंगात तुम्ही काय करायला हवं होतं याचे गुण देऊ नका. केलंत त्याचे द्या, आणि केलेल्या क्रमाने द्या.

दहा प्रसंगांची बेरीज शंभर होते. मोठा आकडा सगळेच बघतात. तुम्ही लहान आकडाही तेवढाच नीट बघा, कारण ढकललेली कामं बहुधा त्याच कप्प्यातली निघतात. वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाशी ताडून बघा. २४ आणि २८ अशा फरकाला अर्थ लावत बसू नका. घरगुती मोजमाप आहे, तेवढी चूकभूल धरायचीच.

आता जिथे लोक सर्रास घसरतात तो भाग. ओढ वेगळी, कौशल्य वेगळं. आमच्या स्टोअर्समध्ये एकजण होते, वर्षअखेरीच्या स्टॉक मोजणीत त्यांचा एक बोल्ट इकडचा तिकडे व्हायचा नाही. सगळे म्हणायचे, हा आकड्यांचाच माणूस. त्यांच्या वहीत मात्र मोजणीच्या प्रत्येक दिवसापुढे 'डोकं जड' लिहिलेलं. ताजेतवाने दिवस कोणते, तर नव्या पोरांना माल कसा लावायचा हे शिकवलं ते. वीस वर्षांच्या सरावाने आलेला हात होता तो, ओढ दुसरीकडेच. नोकरीत, संसारात आपण अशा कितीतरी गोष्टींत तरबेज होतो ज्या आपण होऊन कधी उचलल्या नसत्या. म्हणून दहाही प्रसंगांपुढे एक खूण करा: हे करताना वेळ कळला नाही, की घड्याळ बघत होतो? गुण जास्त पण घड्याळ बघत होतो, असे प्रसंग वेगळे काढा. ते सरावाचे. आणि उलटंही असतं: ओढ आहे, पण जमत काहीच नाही. शकलेला भरपूर गुण देणाऱ्यांच्या अर्धवट सुटलेल्या कामांची यादी घरच्यांकडून मागवा.

तसंच निवांतपणातलं आणि घाईतलं डोकं एक नसतं. हर्मन यांच्या चाचणीतही दडपणाखालचा कल वेगळा काढतात. दहा प्रसंगांपैकी घाईगडबडीचे वेगळ्या शाईने लिहा आणि त्यांची बेरीज वेगळी करा. एरवी सगळ्यांना विचारून चालणारा माणूस ऑर्डर अडकली की नुसते आकडे मागायला लागतो, हे मी पुष्कळदा बघितलं आहे. त्याच्या हाताखालच्यांना ते पाठ असतं, त्याला स्वतःला मात्र पत्ता नसतो.

म्हणूनच हाताखालच्या एकाला आणि घरच्या एकाला विचारायचं. "मी कसा आहे?" असं विचारलंत तर गोड उत्तर मिळेल किंवा भांडण होईल. त्याऐवजी तेच प्रसंग त्यांच्यापुढे ठेवा आणि दहा गुण वाटायला सांगा. तुमचे गुण आधी दाखवू नका. त्यांच्या आणि तुमच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर वाद घालू नका, "असं कधी केलं मी?" एवढंच विचारा आणि तो प्रसंग वहीत उतरवून घ्या. नवरा-बायकोने हे रविवारी दुपारी करावं, शनिवारी रात्री नको.

यानंतर हौस म्हणून एखादी तयार चाचणी सोडवलीत तर हरकत नाही, पण निकाल वाचताना एक जुना प्रयोग ध्यानात ठेवा. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक व्यक्तिचित्र दिलं. मुलांनी ते किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! "तुम्ही वरून शांत असता पण आतून काळजी करता", हे कुणाला लागू पडत नाही? तेव्हा निकालाचा कागद आला की पेन्सिल घ्या आणि शेजाऱ्यालाही लागू पडेल असं प्रत्येक वाक्य खोडा. उरलेल्या वाक्यांना वहीतला एकेक प्रसंग जोडता येतो का बघा. कधीकधी अख्खं पान खोडलं जातं, आणि मग फीचं वाईट वाटतं.

आणखी एक, आईबापांसाठी. बोटांच्या ठशांवरून मुलाची विचारपद्धत, बुद्धी, करिअर सगळं सांगणाऱ्या चाचण्या हल्ली गावोगाव विकल्या जातात, फी हजारांत. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात. मूल पुढे काय वाचेल, कशात रमेल, हे त्यातून कसं कळणार? मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, याला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलेलं आहे. आपल्या वहीवरूनही मुलाची शाखा ठरवू नका किंवा कुणाला नोकरीवर घेऊ नका. ओढ कळते, कुवत कळत नाही, हे वर झालंच आहे.

मग उपयोग कशाचा? रोजच्या देवाणघेवाणीचा. आमच्याकडे शिफ्ट बदलताना हँडओव्हर होतो, म्हणजे जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला लिहून काम सोपवतो. आकड्याचा माणूस येणार असेल तर मी सुपरवायझरला पहिली ओळ उत्पादन आणि रिजेक्शनची लिहायला सांगते. माणसाकडे कल असलेला येणार असेल तर आज कोण गैरहजर, कुणाची कुरबूर, हे आधी. मजकूर तोच, फक्त क्रम वेगळा, आणि पहाटे फिरून फोन करून विचारणं बरंच कमी होतं. स्वतःसाठी म्हणाल तर सगळ्यात कमी गुणांच्या कप्प्यातला एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा. माझ्या टेबलावर आहे: "दुसरा रस्ता बघितला का?" तो वाचून दरवेळी काही सुचतं असं नाही, पण निदान मुलीला फोन करून विचारते. चारही कप्पे समसमान करायच्या भानगडीत मात्र पडू नका. तसं कुणाला लागत नाही.

काम बदललं, बदली झाली, घरात बाळ आलं किंवा आजारपण निघालं की नवी वही करा. जुनी बेरीज बघून भरू नका, नाहीतर हात आपोआप तेच आकडे लिहितो. नवे दहा प्रसंग भरून झाले की मग जुनी वही काढा, आणि आधी घाईच्या प्रसंगांची बेरीज ताडा, माझ्या बघण्यात पहिला फरक तिथेच पडतो.