धर्मावर चर्चा ठेवायची तर: विषय कसा बांधावा, ‘कल्ट’ कशाला म्हणावं

‘सार्वजनिक जीवनात धर्म असावा का?’ असा विषय फळ्यावर लिहिलात की दहा मिनिटांत चर्चा भरकटणार. एक जण नंदीध्वजांच्या मिरवणुकीबद्दल बोलतो, दुसरा भोंग्यांबद्दल, तिसरा निवडणुकीबद्दल, आणि तिघांनाही वाटतं की आपण एकमेकांना उत्तर देतोय. म्हणून विषय असा घ्या, की ज्यावर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘या अटीवर’ असं उत्तर देता येईल.

सोलापुरात एक विषय हाताशीच आहे: गड्ड्याच्या यात्रेसाठी, म्हणजे जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून सोयी कराव्यात का? राज्यघटनेच्या कलम २७ प्रमाणे, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा जोपासनेसाठी राखून ठेवलेला कर भरायची सक्ती कोणावर करता येत नाही. आता गड्ड्यावरचा पाण्याचा नळ घ्या. पाळण्यात बसायला आलेलं पोरही त्याच नळावर पाणी पितं, त्याला कोणी धर्म विचारत नाही. याउलट यात्रेतल्या ६८ शिवलिंगांच्या तैलाभिषेकाचं तेल उद्या महापालिकेने भरायचं ठरवलं तर? नळ आणि तेल यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची, यावर अर्धा तास सहज जातो, आणि तो सत्कारणी लागतो. रस्ता बंद ठेवणं, मंडप, दिवे, बंदोबस्त हे सगळं त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, ते लोकांनाच ठरवू द्या.

माणसं २० ते २४, वेळ दीड तास. वाचनालयाचा किंवा शाळेचा हॉल बरा. देवळाचा सभामंडप किंवा पक्षाचं कार्यालय घेतलं तर निम्मी माणसं तोंड उघडत नाहीत. जानेवारीचा मधला आठवडा आणि गणेशोत्सव टाळा. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून चिठ्ठीवर उत्तर लिहून घ्या, शेवटी पुन्हा घ्या. बोलणारे सहा, प्रत्येकी चार मिनिटं. नियम एकच, पण तो कडक पाळा: बोलायला उभं राहणाऱ्याने आधीच्या वक्त्याचं म्हणणं दोन वाक्यांत सांगायचं, आणि त्या वक्त्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं कबूल केल्यावरच स्वतःचं मांडायचं. हा नियम सुटला की लोक समोरच्याला नाही, मनातल्या शत्रूला उत्तर देत बसतात. कोणी ‘तुमचे लोक’ म्हणालं, की सूत्रसंचालकाने तिथेच थांबवून ‘कोण, नेमकं?’ विचारावं. ज्याला कन्नड, तेलुगू किंवा दखनी सोपी जाते त्याला त्याच भाषेत बोलू द्या. मराठीत सांगणारा शेजारी सोलापुरात कायम मिळतो.

कल्टचा, म्हणजे माणसाला पूर्ण आपल्या ताब्यात ठेवणाऱ्या गटाचा, विषय वेगळ्या दिवशी घ्या, आणि पहिली दहा मिनिटं शब्दावर घालवा. भाषांतर म्हणून ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ वापरलात, तर समोर बसलेल्या वारकऱ्याला आणि महानुभावाला तो अपमान वाटेल, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे हे मानाचे शब्द आहेत. सरळ ‘कल्ट’ म्हणा. दुसरी गोष्ट, श्रद्धा किती विचित्र वाटते हे माप नव्हे. बाहेरच्याला प्रत्येक श्रद्धा विचित्रच दिसते. माप वागणुकीचं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ साली विचार बदलायला लावणाऱ्या यंत्रणांच्या आठ खुणा मांडल्या. हॉलमधल्या चर्चेला चार प्रश्न पुरतात: सोडून जाणाऱ्याचं काय होतं? पैशाचा हिशेब कोण बघू शकतं? प्रमुखाला चारचौघांत प्रश्न विचारता येतो का? घरच्यांशी, जुन्या मित्रांशी संबंध तोडायला लावतात का? यातला पहिला सर्वांत महत्त्वाचा. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांसाहार सुटतो, एकादशी धरावी लागते. नियम कडकच आहेत. पण माळ उतरवली म्हणून वारकरी घरातून उठत नाही. तेव्हा कडकपणा ही खूण नव्हे, परतीची वाट बंद असणं ही खूण. हेच प्रश्न साखळी योजनेला आणि राजकीय गटालाही लावून बघा, चर्चा एकदम मोकळी होते.

‘पण ते अन्नदान करतात, दवाखाना चालवतात’ हा मुद्दा हमखास येतो. तेव्हा जोन्सटाउनची, म्हणजे गयानातल्या ‘पीपल्स टेंपल’ या गटाच्या वसाहतीची, आठवण द्या. अमेरिकेत गरिबांना मदत करणारं, काळ्यागोऱ्यांना एकत्र बसवणारं चर्च म्हणून तो गट वाढला, आणि १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानात प्रमुखाच्या हुकमावरून झालेल्या सामूहिक विषप्राशनात त्याची ९०० हून अधिक माणसं मेली. चांगलं काम वरच्या चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

हॉलमध्ये गावातल्या कुठल्या बुवाचं नाव घेऊ देऊ नका. अब्रूनुकसानीची भीती तर आहेच, शिवाय त्याचा भक्त पुढच्या रांगेत असतो आणि चर्चा तिथेच संपते. कोणी खरंच अडचणीत असेल तर त्याच्याशी नंतर, बाजूला बोला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. कीर्तन, प्रवचन, वारी त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत, हे घाबरलेल्या भाविकाला मुद्दाम सांगा. वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा लागतो. नोंदणीकृत ट्रस्टचे हिशेब धर्मादाय कार्यालयात असतात. तक्रार लिहिताना श्रद्धेबद्दल एक शब्दही नको: कोणी काय केलं, कोणत्या तारखेला, कोणासमोर, किती रुपये घेतले, पावती दिली की नाही, एवढंच लिहायचं.