छर्ऱ्याचा स्पीड वर-खाली होतोय? व्हॉल्व्ह खोलायच्या आधी हे करून बघा

पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलमधनं दोन छर्रे एकाच भोकात आणि तिसरा खाली गेला की आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात हमखास सल्ला मिळतो, "व्हॉल्व्ह (शॉटला हवा सोडणारी झडप) खोल की!" थांबा जरा. बहुतेक वेळा गडबड भरलेल्या प्रेशरची नाहीतर हॅमर स्प्रिंगची (हॅमर म्हणजे व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणारा भाग) असते, आणि १७० चा छर्रा १६० मीटर प्रति सेकंदावर आला तरी १० मीटरवर तो दोनेक मिलिमीटर खाली लागतो, तिथं टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपकाच मुळात अर्ध्या मिलिमीटरचा.

आधी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा स्पीड मोजणारं यंत्र मिळवा, कुणाकडनं मागून आणला तरी चालतंय. नळी साफ, स्क्रू घट्ट, छर्रे एकाच डब्यातले. गनवर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरा आणि छर्रा अडवणाऱ्या सेफ बॅकस्टॉपवर सलग मारत जा, प्रत्येक शॉटला वहीत स्पीड आणि गेज दोन्ही लिहा.

आता वही वाचायची. रेग्युलेटर (व्हॉल्व्हला एकसारखं प्रेशर देणारा भाग) नसलेल्या गनमध्ये टाकीतली हवाच व्हॉल्व्हला मागनं दाबून बंद ठेवते, म्हणून प्रेशर जास्त असलं की हॅमर तो नीट उघडूच शकत नाही आणि फुल्ल भरूनसुद्धा पहिले शॉट स्लो जातात, मग प्रेशर उतरेल तसा स्पीड चढतो, थोडा वेळ सपाट राहतो आणि परत पडतो. तो सपाट तुकडाच आपल्या कामाचा. समजा तो १८० ते १३० बारमध्ये (बार म्हणजे प्रेशरचं माप) सापडला, तर १८० लाच भरा आणि १३० ला थांबा, बऱ्याच जणांचं काम इथंच संपतं.

सपाट तुकडा फारच वरच्या किंवा खालच्या प्रेशरला असेल तरच प्रीलोडचा स्क्रू, म्हणजे हॅमर स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते ठरवणारा, फिरवा. सुरुवातीला स्लो आणि मग चढत जातोय म्हणजे हॅमर कमी पडतोय, पाव फेरा आवळा. पहिल्यापासनंच घसरतोय तर पाव फेरा सैल करा. स्क्रूवर मार्करनं खूण करून ठेवा, एका वेळी एकच बदल, आणि परत पूर्ण स्ट्रिंग, म्हणजे सगळे शॉट सलग, मारा. पॉवर वाढवायच्या नादाला लागू नका, आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं २० ज्यूलच्या वर गेलात की लायसन्सचं झंगट.

रेग्युलेटरवाली गन असेल आणि थोडा वेळ ठेवल्यावर पहिलाच शॉट वेगळा जात असेल तर रेग्युलेटर क्रीप होतोय, म्हणजे त्याच्या पुढचं प्रेशर हळूहळू चढतंय, तिथं प्रीलोड फिरवून उपयोग नाही.

एवढं करूनही स्पीड कसाही उड्या मारतोय, किंवा नुसती ठेवलेली गन प्रेशर सोडतेय, मग व्हॉल्व्हवर संशय घ्या. नळीत छर्रा नाही ना बघून नळीच्या तोंडाला फुगा लावा, हळूहळू फुगला तर सीट (व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो ती जागा) लीक आहे. खानापूरकडच्या पावसात हँडपंप हवेबरोबर पाणीपण ढकलतो, ते आत जाऊन गंज आणि कचरा सीटवर बसतो, म्हणून पंपाला मध्ये मध्ये विश्रांती द्या आणि त्याचं पाणी सोडत जा. खोलायच्या आधी सगळी हवा काढायचीच, गेज शून्य दाखवतोय यावर विसंबू नका. ओरखडा पडलेला पॉपेट (सीटवर बसणारा व्हॉल्व्हचा हलता भाग) घासत बसू नका, नवा टाका, आणि ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, गाडीचं ग्रीस-ऑइल हाय प्रेशर हवेत पेट घेऊ शकतं. हे हाताला जमणारं वाटत नसेल तर सरळ गनस्मिथकडं द्या.

सगळं जुळलं की साइट परत झिरो करून घ्या, म्हणजे नेम धराल तिथंच छर्रा लागेल अशी, स्पीड बदलला म्हणजे जुनी सेटिंग चालणार नाही.