विहाराच्या दारावर नोटीस लागण्यापूर्वी: पुण्यातील विहार समित्यांसाठी

विहाराच्या दारावर सरकारी नोटीस चिकटवलेली दिसली की वस्तीत काहीजण तडक मोर्चाची भाषा बोलू लागतात, तर काहीजण स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयाकडे धाव घेतात. नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस क्वचितच भेटतो. पुण्यातील एका विहार समितीचे चिटणीसपद मी अनेक वर्षे सांभाळले आहे. शासन आणि विहार यांच्यातील बहुतेक वाद धम्मावरून सुरू होत नाहीत, ते जागा, हिशेब आणि विश्वस्तांची नावे यांवरून सुरू होतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून समितीने पुढील कामे वाद उभा राहण्याआधीच करून ठेवावीत.

सर्वप्रथम शासनाचा अधिकार कोठे संपतो, हे सर्व सभासदांनी समजून घ्यावे. संविधानाचे अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्मविषयक बाबींची व्यवस्था स्वतः पाहण्याचा हक्क देते. मालमत्तेचे प्रशासन मात्र कायद्यानुसारच करावे लागते. तो कायदा म्हणजे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०; आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो याच कसोटीवर तपासला. नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण यांसंबंधीची चौकट न्यायालयाने कायम ठेवली. परंतु खुद्द धर्मादाय आयुक्तालाच, म्हणजे विश्वस्त संस्थांवर देखरेख करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्यालाच, धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून नेमण्याची मुभा देणारी तरतूद टिकू दिली नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, वर्षावासासाठी, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळ्यातील एके ठिकाणच्या मुक्कामासाठी, कोणत्या भन्तेजींना निमंत्रण द्यावे, वंदना किती वाजता घ्यावी, धम्मवर्गात कोणता ग्रंथ वाचावा, हे कोणतेही कार्यालय आपल्याला सांगू शकत नाही. दानपेटीचा हिशेब मात्र ते मागू शकते आणि तो देणे आपले कर्तव्य आहे.

शासनापुढे कागद मांडणे म्हणजे धम्माचा कमीपणा, असे मानणारे काही ज्येष्ठ उपासक भेटतात. त्यांना मी विनयपिटकातील, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमग्रंथातील, महावग्गाचा प्रसंग सांगतो. राजा बिंबिसाराने वर्षावासाची सुरुवात पुढे ढकलण्याची विनंती केली, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना राजाच्या म्हणण्याप्रमाणे वागण्याची अनुज्ञा दिली, आणि राजाच्या सेवेतील सैनिकांना प्रव्रज्या (संघात प्रवेशाची दीक्षा) देऊ नये, हा नियमही त्याच राजाच्या विनंतीवरून झाला. संघाने राजसत्तेशी व्यवहार केला आणि त्याच वेळी विनय, म्हणजे संघाचे नियम, आपल्या हातात ठेवले. आपणही तेच करायचे आहे.

आता कपाट उघडावे. धर्मादाय कार्यालयाकडून मिळालेला परिशिष्ट-१ चा अद्ययावत उतारा हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद होय. त्यावर ज्यांची नावे आहेत, तेच शासनाच्या दृष्टीने विश्वस्त असतात. वस्तीने सर्वानुमते निवडलेले नवे पदाधिकारी त्यावर नसतील, तर त्यांच्या सहीला कार्यालयात किंमत नसते. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये अथवा मालमत्तेत बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. आमच्या समितीने हे काम कित्येक वर्षे केले नव्हते. एका वर्षावासाच्या तोंडावर बँकेने सह्यांचा प्रश्न काढला, तेव्हा उतारा आणून पाहिला, तर सात विश्वस्तांपैकी चौघे हयात नव्हते. त्यांच्या मृत्यूचे दाखले गोळा करण्यासाठी आम्ही घरोघर फिरलो. एका घरातील माउलीने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवली आणि चौकटीमागे खोचून ठेवलेला पतीचा दाखला काढून दिला. कागदाच्या घड्या विरल्या होत्या, पण शिक्का स्पष्ट होता. उशिराचे कारण लेखी देऊन विलंब माफीची विनंती करावी लागली आणि तोपर्यंत भोजनदानाचा सगळा खर्च सभासदांनी पदरचे पैसे घालून केला. हा त्रास सहज टाळता आला असता. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी एकदा उतारा काढून नावे ताडून पाहावीत, प्रत्येक निवडीचा ठराव त्याच दिवशी इतिवृत्त पुस्तकात लिहून सह्या घ्याव्यात आणि पुस्तकात कोरी पाने सोडू नयेत.

दुसरा कागद जागेचा, आणि पुण्यात खरी अडचण येथेच आहे. शहरातील अनेक विहार वस्तीच्या नावे नसून समाजमंदिराच्या इमारतीत चालतात. इमारत महापालिकेच्या निधीतून बांधलेली असते, मूर्ती आणि पुस्तके वस्तीने आणलेली असतात, सकाळी तेथे वंदना होते, दुपारी बालवाडी भरते आणि रात्री मुले अभ्यासिकेत बसतात. पंचवीस-तीस वर्षे किल्ली आपल्याकडे असल्यामुळे इमारतही आपलीच, अशी समजूत होते. ती चुकीची आहे. मिळकतपत्रिकेवर किंवा सात-बारावर नाव कोणाचे आहे हे आधी पाहावे. नाव महापालिकेचे असेल तर वापराचा लेखी करार मागावा, त्यात वंदना, ग्रंथालय व अभ्यासिका असे वापर नावानिशी लिहून घ्यावेत आणि कराराची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसन योजना येत असेल, तर सर्वेक्षणाच्या वेळी समितीचा माणूस हजर राहिलाच पाहिजे आणि विहाराची लांबी-रुंदी त्या नोंदीत आली की नाही, हे त्याने पाहिलेच पाहिजे. जागा विश्वस्त संस्थेच्या स्वतःच्या मालकीची असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही. म्हणून विकसकाने पुढे केलेल्या कोणत्याही करारावर घाईने सही करू नये.

तरीही नोटीस आलीच, तर प्रथम तिचे छायाचित्र काढावे आणि ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, मुदत किती आहे, सही कोणत्या अधिकाऱ्याची आहे, या गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवाव्यात. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, त्यात सुनावणीची मागणी करावी आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. तोंडी आश्वासनावर कधीही परतू नये. सार्वजनिक जागेवरील धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी नव्या अनधिकृत बांधकामांना मज्जाव केला आणि जुन्यांचा प्रकरणपरत्वे विचार करण्यास सांगितले. त्यानंतर राज्य शासनाने ५ मे २०११ च्या निर्णयाने नियमित करणे, हटवणे आणि स्थलांतरित करणे असे वर्ग ठरवले. आपला विहार कोणत्या वर्गात टाकला आहे, हे माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

विहार जुना असल्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. कोनशिला, वीजबिल आणि मिळकतकराची पावती यांखेरीज जुन्या लग्नपत्रिकाही मागवाव्यात. पत्रिकेवर विवाहस्थळ म्हणून विहाराचे नाव आणि खाली तारीख छापलेली असते, आणि अशा पत्रिका लोक वर्षानुवर्षे ट्रंकेत जपतात. या पुराव्याने मालकी सिद्ध होत नाही. विहार किती जुना आहे, एवढेच त्यावरून दाखवता येते. त्याचबरोबर हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, पदपथावर किंवा उद्यानात रातोरात मूर्ती बसवू नये. पुढे ती हटवली गेली तर दुःख साऱ्या वस्तीला भोगावे लागते, आणि मूर्तीची विटंबना टाळणे हेही आपलेच काम आहे.

कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांत धम्मसहल नेणाऱ्यांचा संबंध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाशी येतो. संरक्षित स्मारकात सभा किंवा कार्यक्रम घेण्यास लेखी परवानगी लागते, म्हणून तारीख, संख्या आणि कार्यक्रमाचे स्वरूप लिहून पुरेसा आधी अर्ज करावा. भाज्याच्या चैत्यगृहात शांतपणे त्रिसरण-पंचशील म्हणणे आणि ध्वनिवर्धक लावून सभा घेणे, यांतील फरक अर्जातच स्पष्ट केला तर पहारेकऱ्याशी वाद होत नाही. मेणबत्त्या आणि अगरबत्त्या आत पेटवू नयेत; दोन हजार वर्षांच्या दगडावर काजळी धरते, याचे दुःख शासनापेक्षा आपल्याला अधिक व्हायला हवे.

बोधगयेबाबत निवेदन द्यायचे असल्यास ते नेमके असावे. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने तेथील महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले असून गयेचे जिल्हादंडाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतात. ते हिंदूच असावेत ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली. महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे, यासाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून तेथे भिक्खूंनी उपोषण आरंभले. ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. परंतु हा कायदा बिहारचा आहे, त्यामुळे महाराष्ट्र शासनाला उद्देशून लिहिलेले निवेदन योग्य ठिकाणी पोहोचत नाही. ते बिहार शासनाच्या नावे लिहून पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावे, व्यवस्थापन समितीच्या रचनेचे कलम ३ बदलावे अशी मागणी त्यात स्पष्ट करावी, सोबत आपल्या विहार समितीचा ठराव जोडावा आणि त्यावर परिशिष्ट-१ वर ज्यांची नावे आहेत त्याच विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात.