मृगबागेतली कंदसड : अँटिबायोटिकची पुडी नको, मुळाशी जिवाणू पोसा

आर्द्रा लागली, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-मुक्ताईनगरच्या काळ्या जमिनीत पाणी साचू लागलं, की केळीच्या मृगबागेत (मृगात लावलेल्या बागेत) कंदसड दिसू लागते. पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, पिवळा पडतो. झाड जरा हलवलं तर जमिनीलगत तुटून हातात येतं आणि कंद मातीतच राहतो. तो कंद उकरून कापा, वास घ्या. आत मऊ, तपकिरी आणि घाण वास असेल तर ही जिवाणूची सड. मर रोगात असा वास नसतो. तिथे खोडातल्या नळ्या लालसर-तपकिरी होतात.

अशा वेळी स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी पाण्यात कालवून आळवणी करायची सवय आहे. भाऊ, ही सवय सोडा. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाच्या रुग्णाचं औषध आहे. मातीत पुन्हापुन्हा ओतलं की त्याला दाद न देणारे जिवाणू उरतात, आणि ते हा गुण शेजारच्या जिवाणूंनाही देतात. आपल्या बायाबापड्या त्याच चिखलात उघड्या पायांनी निंदतात, हे मला फार लागतं.

याला पर्याय म्हणून जगभर जिवाणूरोधक पेप्टाइडांवर काम चाललंय. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. यातली बरीचशी थेट जंतूच्या आवरणालाच भोकं पाडतात, त्यामुळे जंतूला त्यांची सवय सहसा लवकर होत नाही. दुधातल्या जिवाणूपासून मिळणारं निसिन चीज टिकवायला वापरतात, ते याच जातीचं. केळीसाठी आपल्या हाताशी आहे बॅसिलस सबटिलिस. मुळांवर थर धरून तो सरफॅक्टिन, इट्युरिन, फेंजायसिन अशी पेप्टाइडं स्वतःच बनवतो. सरफॅक्टिन झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतं.

पण तो जिवंत आहे, हे विसरू नका. पाकीट घेताना मुदत बघा, दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊ नका. मात्रा लेबलप्रमाणे. कुजलेल्या शेणखतात मिसळून, वापसा असताना (ओल आहे पण चिखल नाही), संध्याकाळी बुंध्याशी द्या. ताम्रयुक्त औषध किंवा ब्लीचिंग पावडर त्यासोबत कधीच नको. यातलं काही आधी दिलं असेल तर मध्ये काही दिवस जाऊ द्या. आणि लागवडीपासूनच द्या, कारण सडलेला कंद तो बरा करत नाही.

कृषी केंद्रात 'पेप्टाइड', 'अमिनो' लिहिलेल्या बाटल्या मिळतात. त्या पीक जोमदार करण्यासाठी असतात, सड रोखणारी पेप्टाइडं ती नव्हेत. त्यावर कंदसडीसाठी पैसे घालू नका.

सगळ्यात आधी पाणी काढा. गादीवाफ्याच्या कडेने चर खोला, पाऊस असताना ठिबक बंद ठेवा. सडलेलं झाड कंदासकट खणून बागेबाहेर नेऊन पुरा, पाटात टाकू नका. ज्या विळ्याने ते कापलं तो धुऊन, निर्जंतुक करूनच पुढच्या झाडाला लावा.