बीसीजीनंतर बाळाच्या दंडावर फोड आला, तर काय करावे

बाळ दीड महिन्याचे होत आले की अनेक घरांत एक प्रसंग हटकून घडतो. आंघोळीसाठी झबले काढताना डाव्या बाहीला आतून पिवळसर डाग दिसतो आणि दंडावर वाटाण्याएवढा फुटलेला फोड. जन्मल्यावर टोचलेली लस तोवर सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली असते, त्यामुळे काहीतरी चावले असावे असे वाटून लगेच हळद लावली जाते. ती लावू नये. हा फोड क्षयरोगाच्या लशीचा, म्हणजे बीसीजीचा आहे.

या लशीत दुर्बल केलेले, पण जिवंत जंतू असतात आणि ती स्नायूत नव्हे, तर कातडीच्या वरच्या थरात देतात. टोचताना उठलेली लहानशी गांधी थोड्याच वेळात बसते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी लाल पुळी येते, ती हळूहळू वाढते, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास फुटून थोडा पू येतो, खपली धरते, कधी ती निघून पुन्हा धरते आणि साधारण तीन महिन्यांत मागे छोटा गोल वण राहतो. हे सारे बाळाची प्रतिकारशक्ती काम करत असल्याचे लक्षण आहे.

म्हणून मुख्य उपचार म्हणजे त्या जागेला हात न लावणे. रोजची आंघोळ घालावी, पण दंड चोळू नये. मऊ सुती कापडाने टिपून कोरडा करावा. मालीश करायला बाई येत असतील, तर तेवढी जागा सोडायला त्यांना आधीच सांगावे, कारण सवयीने हात तिथे जातोच. मलम, पावडर, तेल, शेक यांतले काहीही नको. फोड पिळू नये, खपली काढू नये. पू जास्त येत असेल, तर स्वच्छ कोरड्या गॉजची सैल घडी ठेवावी, हवाबंद चिकटपट्टी लावू नये. बाही सैल असावी.

दुसरी गोष्ट काखेतल्या गाठीची. त्याच बाजूच्या काखेत, क्वचित गळ्याच्या हाडाच्या वर, काही बाळांना गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. लहान, टणक, न दुखणारी आणि वरची कातडी नेहमीसारखी असलेली गाठ बहुधा काही महिन्यांत आपोआप जिरते. तरीही ती एकदा डॉक्टरांना दाखवावी. गाठ वाढत असेल, मऊ पडून कातडी लाल व पातळ झाली असेल, तर मात्र थांबू नये. अशा गाठीतला पू डॉक्टर गरज पडल्यास सुईने काढतात. चीर दिली, तर जखम बरेच दिवस वाहत राहू शकते. घरी पोटीस बांधून गाठ ‘पिकवण्याचा’ प्रयत्न तर कधीच करू नये.

दंडावरची जखम एक सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, तीन महिन्यांनंतरही भरत नसेल किंवा तिथे मोठे गळू झाले, तर बाळाला दाखवावे. लस कातडीखाली खोल गेल्यास असे होऊ शकते. लस दिल्यावर दोन-तीन दिवसांतच मोठी पुळी उठली, तर तेही सांगावे, कारण बाळाला आधीच क्षयाचा संसर्ग झालेला असण्याची शक्यता तपासावी लागते.

अत्यंत क्वचित लशीतले जंतू शरीरभर पसरतात, आणि हे मुख्यतः जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांत घडते. रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे, अनेक ठिकाणी गाठी, वारंवार गंभीर संसर्ग अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावेत. घरात आधीचे मूल तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल किंवा आईला एचआयव्ही असेल, तर हे लस देण्याआधीच सांगावे. बोलायला जड जाते, पण त्या एका वाक्यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो.

दीड महिन्याच्या लशींना जाल, तेव्हा दंड आणि काख आरोग्यसेविकेला आवर्जून दाखवा. फोड आहे म्हणून पुढच्या लशी लांबवू नयेत. त्या मांडीत किंवा उजव्या दंडात देतात. काही बाळांना वण उमटतच नाही. त्यांना लस पुन्हा द्यावी लागत नाही. कार्डावर बीसीजीची तारीख आहे ना, एवढे पाहावे.