मेयोनीजशिवाय झणझणीत सीफूड सॅलड: या चुका टाळा

मेयोनीज सॅलडमधल्या बऱ्याच चुका पोटात घालतं. कोळंबी जरा जास्त शिजली, काकडीला पाणी सुटलं, मीठ कमी पडलं, तरी त्या जाड थराखाली पटकन कळत नाही. मेयोनीजमध्ये निम्म्याहून बराच जास्त भाग तेलाचा असतो, त्यामुळे ते वगळलं की सॅलड हलकं होतं हे खरंच. पण मग लिंबू, मिरची आणि मासळी उघडी पडतात. सॅलड फसलं की मसाल्याला दोष दिला जातो. गडबड मात्र बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते: जास्त झालेली आच आणि राहून गेलेलं पाणी.

कोळंबी चिवट, माकूल (स्क्विड) रबरासारखं

कोळंबी गुलाबी झाली तरी "कच्ची नको राहायला" म्हणून आणखी दोन-तीन मिनिटं उकळत ठेवतात, तिथेच ती हातची जाते. बाहेर काढल्यावरही ती स्वतःच्या उष्णतेवर थोडी शिजतेच. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला दोन लिटर पाणी घ्या आणि त्यात दोन मोठे चमचे मीठ घाला. खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, कोळंबी सोडा आणि वर झाकण ठेवा. मध्यम आकाराची कोळंबी तीनेक मिनिटांत होते. सैल वाकलेली, आतून काचेसारखी न दिसणारी कोळंबी बरोबर शिजलेली असते. गच्च वेटोळं झालं असेल तर उशीर झाला. खात्रीसाठी सगळ्यात जाड कोळंबी मधोमध कापून बघा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 63 अंश सेल्सिअस हवं. पाठीतला काळा दोरा आधीच काढा, नाहीतर दाताखाली कचकच लागते.

माकुलाची तऱ्हा वेगळी. त्याच्या चकत्या उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिट-दीड मिनिट ठेवा, नाहीतर सरळ मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. मधल्या वेळात त्याचा स्नायू आकसून घट्ट होतो आणि तो सैल पडायला बराच वेळ लागतो. म्हणून माकूल पाच-सात मिनिटांत चिवट झालं असेल तर घाबरू नका, तसंच शिजवत राहा, ते मऊ होईल. कोळंबीला ही सोय नाही. ती जास्त शिजली तर बारीक चिरून ड्रेसिंगमध्ये मुरवणं एवढंच हातात उरतं. या दोघांना एकाच वेळी एका पातेल्यात टाकू नका, हे ओघानं आलंच.

शिंपले घालणार असाल तर शिजल्यावरही न उघडलेले टाकून द्या. आणि फ्रोजन कोळंबी पाकिटातच गुलाबी दिसत असेल तर ती बहुधा आधीच शिजवलेली असते. पाकीट वाचा, ती फक्त फ्रीजमध्ये वितळू द्या आणि पुन्हा उकळू नका.

ताटलीच्या तळाशी पाणी

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यावर ड्रेसिंगमध्ये आणखी मीठ-मिरची ओतली जाते, जे अगदीच उलटं आहे. ड्रेसिंग फिकं नसतं, ते पातळ झालेलं असतं.

पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट मासळीची. उकडलेली कोळंबी चाळणीत निथळली म्हणजे कोरडी झाली असं नाही. ती स्वच्छ फडक्यावर पसरून टिपून घ्यावी लागते. शिजल्यावर ती लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो सॅलडसाठी पटत नाही. कोळंबी जास्त शिजत नाही हे मान्य, पण तिच्या अंगचं मीठ धुऊन जातं आणि पुन्हा पाणी चिकटतं. त्यापेक्षा अर्धा मिनिट आधी काढा आणि पसरट ताटात एका थरात मांडा. कोमट असतानाच त्यावर थोडं ड्रेसिंग घाला, चव चांगली धरते.

दुसरी वाट काकडी-टोमॅटोची. बियांचा भाग चमच्यानं काढा, फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी फेकून द्या. ते मीठ लक्षात ठेवूनच पुढचं मीठ घाला. तिसरी वाट धुतलेल्या पाल्याची. तो नीट कोरडा झाल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

पाणी सुटूनच गेलं असेल तर सगळं चाळणीत ओता, निथळू द्या आणि ताजं ड्रेसिंग थोडंसं घाला. कुटलेले भाजके शेंगदाणेही थोडं पाणी शोषून घेतात.

नुसतं आंबट, नुसतं तिखट

मेयो नको म्हणून तेलही नको, असं करू नका. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो, ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. तेल नसलेल्या ड्रेसिंगमध्ये तिखट जिभेवर टोचतं. अर्धा किलो कोळंबीला दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन चमचे तेल, छोटा चमचाभर साखर, लसणाची एक पाकळी आणि दोन हिरव्या मिरच्या एवढं पुरतं. मिरची, लसूण आणि मीठ एकत्र ठेचा. चिरलेल्या मिरचीचा एखादाच तुकडा भडका उडवतो. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट घालून फेटलं की तेल आणि रस लवकर वेगळे होत नाहीत, आणि ड्रेसिंग मासळीला धरून राहतं.

तिखट जास्त झालं तर पाणी घालू नका. ॲव्होकाडो, नारळाचं दूध किंवा चमचाभर घट्ट दही उपयोगी पडतं, चिमूटभर साखरही. पुढच्या वेळी मिरचीच्या आतला पांढरा भाग काढा, जाळ मुख्यतः तिथेच असतो.

थंड पदार्थाची चव दबलेली लागते, म्हणून शेवटचं मीठ-लिंबू सॅलड थंड झाल्यावर चाखूनच ठरवा. कोथिंबीर आणि पुदिना अगदी वाढताना घाला, रसात पडून राहिले की काळवंडतात.

लिंबात "शिजलेली" मासळी

लिंबाच्या रसात कच्ची मासळी पांढरी आणि घट्ट होते, पण सगळे जंतू किंवा परजीवी त्यानं मरत नाहीत. आधी शिजवा, मग लिंबू पिळा. शिजलेली मासळीही तासन्‌तास रसात ठेवली तर भुसभुशीत होते, त्यामुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त मुरवू नका. लिंबानं मासळीचा वास कमी होतो खरा, पण शिळ्या मासळीचा अमोनियासारखा वास येत असेल तर ती सरळ फेकायची.

मेयो नाही म्हणजे खराब होणार नाही?

हा गैरसमज बराच पसरलेला आहे. बाटलीतलं मेयोनीज स्वतः आंबट असतं, बहुतेक वेळा बिघडते ती सॅलडमधली मासळी. सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, 32 अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास. उरलं तर लगेच झाकून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उरणार हे आधीच माहीत असेल तर कोळंबी, भाज्या आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि खायच्या वेळीच एकत्र करा.